रान कोणासाठी?

सार्वजनिक वनभूमी सर्वांची, हे विधान ऐकावयास सोपे आहे; पण ‘सर्व’ या शब्दात कोण कोण येतात, असे विचारले की ते अवघड होऊन बसते. आपल्या जवळचे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच पाहा. मुंबई आणि ठाणे यांनी वेढलेले, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे अरण्य. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्या कुशीत आहेत. तेथे बिबट्याचा वावर आहे, वारल्यांचे पाडे आहेत, आणि मोकळी हवा शोधत येणारे शहरवासीही आहेत.

या शहरवासीयांना चैनी म्हणून झिडकारता येणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत ज्याचे कुटुंब राहते, त्याला झाडाखाली घटकाभर बसावयास मिळणे ही गरजच होय. विश्रांती ही आळशाला दिलेली सवलत नव्हे, ती परमेश्वराची आज्ञा आहे. मात्र निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात ही आज्ञा येते, तेव्हा तिच्या आधी दुसरी एक आज्ञा येते. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. तीत आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावे आणि उरेल ते रानच्या पशूंनी. मग सातव्या दिवशी बैल, गाढव, चाकर आणि परका यांना विसावा सांगितला आहे. भूमीची विश्रांती आणि माणसाची विश्रांती यांची अशी जोडी आहे. एकीचा बळी देऊन दुसरी भोगू नये, हा त्यातील मथितार्थ. उद्यान सोमवारी पर्यटकांना बंद असते, तेव्हा कोणाचा हक्क हिरावला जात नाही. त्या दिवशी रानाचा शब्बाथ असतो.

परंतु निर्बंधाचा भार कोणी वाहावा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई केली. पर्यटनासाठी मात्र परवाना मिळू शकतो. मनाईमागे सबळ कारण आहे, कारण चराईने कोवळी रोपे टिकत नाहीत. तरीही एका माणसाची उपजीविका थांबते आणि दुसऱ्याची करमणूक चालू राहते, हे न्यायबुद्धीला खटकावयास हवे. याच उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आणि पुढे हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. रान वाचविणे आवश्यक होते, यात संशय नाही. पण त्याची सर्वांत जड किंमत ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते त्यांनी मोजली, हेही तितकेच खरे. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांच्या हक्कांना कायद्याने मान्यता मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले.

म्हणून धोरणाला एक क्रम हवा. प्रथम रानाचे जीवित. कारण ते गेले तर वाटून घ्यावयास काहीच उरत नाही. मग रानावर जगणाऱ्यांची भाकरी. त्यानंतर आपला विरंगुळा. काटकसर करावयाची वेळ आली तर तिचा प्रारंभ शेवटच्या टोकापासून व्हावा.

गर्दी आवरण्यासाठी तिकीट महाग करावे, असे काही जण सुचवितात. उपाय सोपा आहे, पण न्याय्य नाही. त्याने गर्दीतील फक्त गरीब कमी होतात. त्यापेक्षा माणसांची आणि वाहनांची संख्या ठरवून द्यावी. ती मर्यादा श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच लागू होते. निसर्गरम्य स्थळे सामान्यांना दुरावत चालली आहेत, याकडे दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रात लक्ष वेधले होते, ते उगाच नव्हे.

वाचकहो, शासनाचे धोरण आपल्या हाती नाही. धर्मग्रामाची सहल मात्र आहे. वसईला लागून असलेले तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. तेथे जाताना ध्वनिक्षेपक घरी ठेवावा आणि आपला कचरा आपणच परत आणावा. वाटेत लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई भेटली, तर तिला वाट द्यावी. आपण तेथे विसाव्यासाठी आलेलो असतो. ती पोटासाठी आलेली असते.