धूर कोणाच्या शेतातला?

‘विस्तवाशिवाय धूर निघत नाही’ हे वचन ज्या कोणी प्रथम उच्चारले, त्याने फाल्गुन महिन्यात बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने प्रवास केला नसावा, असे मला मार्च 2025 मध्ये राहून राहून वाटले. 2014 मध्ये क्वालालंपूरहून बीजिंगकडे जाताना नाहीसे झालेल्या विमानाच्या नव्या शोधास मलेशियाच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्याची वार्ता आली मात्र, आणि अकरा वर्षे ज्यांना त्या विमानाची आठवणही नव्हती ती मंडळी एकाएकी जागी झाली. भवानीनगरपासून निमगाव केतकीपर्यंत असा एकही पार, चहाचा गाडा किंवा केशकर्तनालय उरले नाही की जेथे त्या विमानाच्या कप्तानावर खटला भरून, त्याची कैफियत ऐकण्याची तसदी न घेता, निकाल सुनावण्यात आला नाही. त्याने विमान मुद्दाम बुडवले, हा निकाल. किती खात्रीने? ‘हंड्रेड परसेंट.’ हे दोन शब्द ज्याच्या तोंडी वारंवार येतात त्याला त्या विषयाची शेकडा दहाहून अधिक माहिती नसते असा माझा जुना ग्रह आहे, आणि तो बदलावा असे अद्याप काही घडलेले नाही. शिवाय हे सर्व कागदी पेल्यातला चहा पिता पिता! ज्या चहाला धड कपबशीचाही मान मिळत नाही, तो पिऊन मनुष्याने इतके गंभीर निर्णय देऊ नयेत.

हटकले तर सबबी तयार असतात. ‘नुसते विचारायला काय हरकत?’ ही एक. ‘सरकारे लपवतात’ ही दुसरी, आणि ती पुष्कळदा खरी असल्यामुळे तिच्याशी मी भांडत नाही. ‘आम्ही नाही, लोक म्हणतात’ ही तिसरी, तिला उत्तर देण्याइतकी ती मोठी नाही. परंतु लासुर्ण्याच्या थांब्यावर चढलेल्या एका गृहस्थांनी, मोबाईलवरील चलच्चित्राचा आवाज सबंध गाडीस ऐकू जाईल एवढा ठेवून (या रोगावर महामंडळाने काढलेले औषध अजून लागू पडलेले नाही), मला सुनावले, “गुरुजी, इस्तवाबिगर धूर निघतुय व्हय कुठं?” आणि खिडकीबाहेर खरोखरच धूर होता.

ऊस तुटून गेला की पाचट पेटवून द्यायचे, हा आमच्या दोन्ही तालुक्यांचा शिरस्ता. पाडेगावच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ आणि कृषी खात्याचे अधिकारी पाचट कुजवा, जमिनीचा कस राखा, म्हणून वर्षानुवर्षे कंठशोष करीत असले तरी काडी ओढणे सोपे असते. आता लासुर्ण्याच्या शिवारात लावलेला विस्तव, वारा पश्चिमेचा असला की, अंथुर्ण्याच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो. म्हणजे धूर जेथे दिसतो तेथे विस्तव असतोच असे नाही. बरे, विस्तव कोठेतरी आहे एवढे मान्य केले, तरी तो कोणी लावला, बुद्ध्या लावला की कोणाच्या बिडीचे थोटूक पडले, की लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा एकमेकींवर घासल्या, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर धूर देत नाही. उभ्या उसाला आग लागली तर तलाठी येतो, पंचनामा होतो, शेजारच्या गटाचे मालक पंच म्हणून सह्या करतात, आणि कारण नमूद करण्यापूर्वी निदान एक जण मान वर करून तारांकडे पाहतो. चार एकर उसासाठी आपण एवढी दक्षता बाळगतो. मेलेल्या माणसाच्या अब्रूला मात्र पंचनाम्याची आवश्यकता नाही, तिला धूर पुरतो.

आणि मौज अशी की याच म्हणीचा आधार घेणाऱ्या सज्जनांविषयी विकास सोसायटीच्या निवडणुकीत काही बोभाटा झाला, की ते तत्काळ ‘विरोधकांनी उडवलेला धुरळा’ म्हणून हात झटकतात. दुसऱ्याचा असतो तो धूर, आपला असतो तो धुरळा! त्यांच्यापैकी अधिक उद्योगी जे आहेत ते तर सकाळी स्वतःच एक तर्क बारामतीच्या स्थानकावर सोडून देतात, आणि सायंकाळी तोच इंदापूरच्या स्थानकावर तिऱ्हाइताच्या मुखातून परत भेटला की त्यास दुजोरा समजतात.

मुद्देमाल म्हणून आपल्या हाती वस्तुतः काय आहे? 8 मार्च 2014 च्या मध्यरात्री क्वालालंपूरहून बीजिंगकडे 239 माणसे घेऊन निघालेल्या बोइंग 777 ने एक वाजून एकोणीस मिनिटांनी नियंत्रकांचा शेवटचा निरोप घेतला. थोड्याच वेळात ते नागरी रडारवरून नाहीसे झाले. लष्करी रडारने ते मागे वळून अंदमानच्या समुद्राकडे गेल्याचे टिपले होते. आणि त्यानंतर सकाळी आठ वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत एका उपग्रहास त्याचे क्षीण संकेत मिळत राहिले, ज्यांच्या गणितावरून ते दक्षिण हिंदी महासागरात अंत पावले असा निष्कर्ष निघाला. जुलै 2015 मध्ये रेयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर त्याच्या पंखाचा एक भाग सापडला. कप्तानाच्या घरच्या सराव-यंत्रात दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारे काही बिंदू आढळले, ही गोष्टही खरी आहे, आणि जाणत्या तपासकांनी तिचा विचार केला नाही असे नव्हे. तथापि जुलै 2018 मध्ये मलेशियाच्या चौकशी मंडळाने जो अखेरचा अहवाल दिला, त्यात विमान हाताने वळवले गेले असावे असे म्हटले असूनही ते कोणी वळवले हे सांगण्याचे नाकारले, तिऱ्हाइताचा हस्तक्षेप असंभव मानला नाही, आणि कारण निश्चित करता येत नाही अशी सरळ कबुली दिली. चार वर्षे दप्तर चाळून ज्यांना ‘ठाऊक नाही’ असे लिहावे लागले, त्यांच्यापेक्षा आमचे लासुर्ण्याचे सहप्रवासी अधिक विद्वान असतील. मी कोण नाही म्हणणार?

आमच्या विद्वत्तेला एक स्थानिक कारणही असावे. बारामतीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमाने डोक्यावर घिरट्या घालीत असल्यामुळे वैमानिकविद्या आपल्या अंगावर आपोआप झिरपली आहे, अशी या परिसराची समजूत दिसते. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात असे एक विमान कोसळून शिकाऊ वैमानिक मुलगी जखमी झाली, तेव्हा गावकरी धावले, आणि ते त्यांना शोभूनच दिसले. परंतु पुढे जो तो तिने काय चुकवले हे समजावून सांगू लागला, त्या व्याख्यात्यांपैकी कितींनी विमानाचे सुकाणू जवळून पाहिले होते?

असे नाही की माणसाचा दोष कधीच नसतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरात, 7 जुलै 1962 रोजी अलितालिया कंपनीचे विमान ऐन पावसाळ्यातल्या रात्री दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील 94 जणांपैकी कोणीही वाचले नाही. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिक वेळेपूर्वीच खाली उतरू लागले, असे तपासात आढळले. दोष माणसाचा ठरला, परंतु तो अवशेष तपासल्यानंतर आणि मार्गाचा हिशेब मांडल्यानंतर. याच्या उलट 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात 213 माणसांसह बुडाले, तेव्हा घातपाताची आवई प्रथमपासून उठली होती. चौकशीत घातपात शाबित झाला नाही, विमानाची स्थिती दर्शवणारे एक उपकरण बिघडले होते आणि काळोखात कप्तानाचा दिशाभ्रम झाला होता, असे निष्पन्न झाले. त्या वेळी धूर पुष्कळ होता. विस्तव ज्या दिशेला दाखवला जात होता तेथे मात्र नव्हता.

एवढा शोध घेऊन ते मलेशियाचे विमान सापडत कसे नाही, म्हणजे कोणीतरी लपवलेच आहे, असेही एकाने मला विचारले. हे विचारणारा मनुष्य कळाशीकडचा होता, याचे मला अधिक वाईट वाटले. 21 मे 2024 रोजी वादळात उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी नाव उलटून सहा जण बुडाले. रोजचा जलमार्ग, दोन्ही तीर डोळ्यांपुढे, पोहून आलेल्या एका प्रवाशाने सांगितलेली जागा, राष्ट्रीय आपत्ती दलाच्या नौका, आणि तरीही मृतदेह हाती येण्यास तिसरा दिवस उजाडला. ज्या महासागरात खोली कित्येक ठिकाणी चार हजार मीटर असते आणि जेथे 2017 पर्यंत 1,20,000 चौरस किलोमीटर तळ धुंडाळूनही काही लागले नाही, तेथे अकरा वर्षे म्हणजे उशीर खरा, पण कारस्थानाचा पुरावा नव्हे.

तर्क करू नये असे मी म्हणत नाही. समुद्राचा कोणता भाग तपासावा हेही तर्कानेच ठरले आहे. तर्क यंत्राविषयी, वाऱ्याविषयी, इंधनाविषयी खुशाल चालू द्या. तो नावागावाच्या माणसापाशी पोहोचला की त्याला आरोपाचे नियम लागू होतात, आणि आरोपीस जबानी देता येत नसेल तर ते अधिकच कडक लागू व्हावेत. त्या विमानात पाच भारतीय होते, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या घरचे लोक अजून उत्तराची वाट पाहत आहेत आणि कप्तानाच्याही घरी माणसे आहेत. माझी मागणी एवढीच. गाडी निमगावला पोहोचेपर्यंत तिला जो प्रतिसाद मिळाला तो पाहता मी ती फार ताणून धरणार नाही. ऊस गेला आहे, कारखाने बंद होत आले आहेत, लोकांनी वेळ घालवायचा तरी कशात?

2014 च्या मार्चमध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक दोन नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधावयास बसला होता, आणि सारे जग त्याला हसले होते. मला तो या मंडळींहून बरा वाटतो. त्याचा खर्च दोन नारळांपलीकडे गेला नाही. त्याने कोणाची अब्रू खर्ची घातली नाही.

2025 च्या त्या नव्या करारानुसार खासगी कंपनी सुमारे 15,000 चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासणार होती: अवशेष सापडल्यास सात कोटी डॉलर, न सापडल्यास छदामही नाही. आमच्या रस्त्यावरच्या न्यायाधीशांशीही याच अटींवर करार करावा, आणि तोवर त्यांच्या चहाचे पैसे त्यांनीच द्यावेत.