बायोडाटा आणि ‘मी’पणा

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती आणि इंदापूरला मुक्कामी असते. ‘मी’पणा सोडा, ही या वाटेवरची जुनी शिकवण. त्याच बारामतीत एमआयडीसीतल्या कंपनीत किंवा साखर कारखान्यात कार्यालयीन सहायकासाठी अर्ज करणाऱ्या मुलीला मात्र पानभर स्वतःबद्दलच लिहावं लागतं. हा अहंकार ठरतो का?

नाही. अहंकार नोंदीत नसतो, फुगवण्यात असतो.

संत एकनाथांची कथा प्रसिद्ध आहे. देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून ते रात्रभर जागले. चूक सापडल्यावरचा त्यांचा आनंद पाहून, हीच एकाग्रता ईश्वराकडे वळावी, असं गुरूंना वाटलं. पुढे नाथांनी ‘अर्जदस्त’ या दप्तरी कागदाचा साचा घेऊन भारूडही रचलं. कारकुनी त्यांना परमार्थाआड आलेली दिसत नाही.

बायोडाटाही त्याच काटेकोरपणे लिहावा. ‘मेहनती, प्रामाणिक’ ही विशेषणं पडताळता येत नाहीत. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, एमएस-सीआयटी, आवक-जावक नोंदवही, एक्सेलमधली हजेरी, कुठे आणि किती काळ, हे पडताळता येतं. जाहिरातीत मागितलेलं काम आधी यावं.

न येणारी टॅली येते असं लिहिलं, तर चुकलेल्या पगार-हिशेबाचा भुर्दंड कामगाराला बसतो. उलट, येत असलेलं संकोचापोटी गाळणं हीसुद्धा अपुरी नोंदच. गावातल्या बचत गटाची वही तीन वर्षं सांभाळली असेल, तर ‘अनुभव’ या रकान्यात तीही यायला हवी.