आवडलेली पुस्तके आणि घरी राहिलेली माणसे

गेली अनेक वर्षे मी एक वही बाळगून आहे. वाचून झालेल्या पुस्तकाचे नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात एखाद-दुसऱ्या शब्दाचा शेरा, एवढेच तिचे स्वरूप. वर्ष सरत आले की ही वही काढावी आणि त्या वर्षात मनाला सर्वांत अधिक भावलेली दोन-चार पुस्तके निवडावी, असा माझा परिपाठ आहे. हा उद्योग अगदी निरुपद्रवी आहे अशी माझी समजूत होती. आवड ज्याची त्याची. तिचा नीती-अनीतीशी संबंध तो काय? गेल्या वर्षाच्या अखेरीस मात्र माझ्या धाकट्या बहिणीने एक साधा प्रश्न विचारला आणि ही समजूत डळमळली.

गेल्या वर्षी मी बहुतेक जुनीच पुस्तके पुन्हा हाती घेतली. नव्या कादंबऱ्याही चार-पाच वाचल्या. त्यांतील एक-दोन खरोखरच चांगल्या होत्या, पण त्यांविषयी पुन्हा केव्हातरी. धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ ही तीन पुस्तके मात्र लागोपाठ वाचनात आली. तो निव्वळ योगायोग होता. पूर्वी ती तिन्ही मी वेगवेगळ्या वयांत वाचली होती, त्यामुळे ती एकमेकांशी काही बोलत असतील हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

‘निवेदन’ आम्हा गोमंतकीयांना विशेष जवळचे. 1876 साली सांकवाळ येथे जन्मलेला, शाळेचे शिक्षण नावापुरतेच लाभलेला, नारळीच्या बागा सांभाळणारा एक तरुण ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचतो. ते त्याच्या मनातून जात नाही. 1899 साली तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशीतील अन्नछत्रे, नेपाळ, बोधगया आणि अखेर सिंहलद्वीप, असा तो प्रवास. 1902 साली तेथे त्याला प्रव्रज्या मिळते. पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी त्याला पाचारण होते. सयाजीराव महाराज त्याला दरमहा 50 रुपये देऊ करतात आणि अट काय घालतात, तर महाराष्ट्रात राहावे व वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे! (अशा अटी घालणारे धनी आज कुठे शोधावेत?) हे सारे कोसंबी सांगतात ते कोणताही आव न आणता. स्वतःचा आळस, निराशा, चुका यांवर पांघरूण घालण्याचा यत्न ते करीत नाहीत. मराठीत इतके निर्मळ आत्मकथन क्वचितच सापडेल. माझ्या वहीतील शेरा ‘सर्वोत्तम’ असा होता.

त्या संध्याकाळी मी ही सारी हकीकत मोठ्या उत्साहाने बहिणीला सांगितली. ती तांदूळ निवडीत बसली होती. मी थांबल्यावर तिने मान वर न करताच विचारले, “आनी ताचे बायलेन कितें केलें?”

घर सोडले तेव्हा कोसंबींच्या मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. पुन्हा घराचे दर्शन घडायला सहा-सात वर्षे जावी लागली. त्या मायलेकींविषयी पुस्तकात जे येते ते थोडके आहे, आणि वाचताना आपल्याला ते थोडके वाटतही नाही. हिमालयाची वाट आणि पाली ग्रंथ डोळ्यांपुढे असता सांकवाळच्या घरातील चूल पेटली की नाही, याची चौकशी कोणता वाचक करतो? मी तरी केली नव्हती. मी बहिणीला जे उत्तर दिले तेच बहुधा पुष्कळांनी दिले असते: त्यांनी घर सोडले नसते तर मराठीला बौद्ध वाङ्मयाचे द्वार उघडून कोणी दिले असते? ती म्हणाली, “बरे,” आणि पुन्हा तांदळात खडे शोधू लागली.

त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. फळ थोर म्हणून कृत्य निर्दोष, हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. 1899 साली उंबरठा ओलांडताना त्या तरुणाच्या हाती यातले काहीच नव्हते. नेपाळच्या वाटेवर तापाने त्याचा अंत झाला असता, तर त्याच कृत्याला गावाने बेजबाबदारपणा म्हटले असते आणि मीही तसेच म्हटले असते. कृत्य तेच, घरातील अश्रूही तेच. मग केवळ पुढे यश आले म्हणून पूर्वीचा दोष नाहीसा कसा होतो? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1976 साली, कुटुंब सोडून कलेसाठी दूर बेटावर निघून जाणाऱ्या एका चित्रकाराचे उदाहरण घेऊन, हाच पेच मांडला होता. आपल्याकडे तर तो फार जुना आहे. यशोधरेच्या महालापाशी तो उभा आहे आणि देहूच्या तुकोबांच्या घराशीही आहे.

याच्या उलट टोकास जाऊन घर सोडणाऱ्या सर्वांना दोषी ठरवावे, हेही मला मान्य नाही. तसे केले तर आपल्या संस्कृतीची निम्मी फडताळे रिकामी होतील. आणि ज्यांनी घर कधीच सोडले नाही त्यांच्या हातून घरच्यांना दुःख झाले नाही, असे थोडेच आहे?

या मनःस्थितीत मी ‘स्मृतिचित्रे’ उघडली. 1895 च्या फेब्रुवारीत ना. वा. टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीला ते मागाहून कळले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे दोघे वेगळी राहिली आणि 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतः तो धर्म स्वीकारला. म्हणजे हे घर सोडून गेलेल्याचे पुस्तक नव्हे. मागे राहिलेलीचे आहे. बाळाबाईंनी जे लिहिले नाही, त्याच्याशी नाते सांगणारे काही येथे लिहिले गेले आहे, असे मला त्या वेळी वाटले. 1934 ते 1936 या काळात त्याचे चार भाग निघाले. ज्या स्त्रीला अक्षरओळखदेखील नवऱ्याने करून दिली, तिने त्याच नवऱ्याचे चित्र असे काही रेखाटले की पुढे त्यांच्या कवितेइतकेच ते लोकांच्या स्मरणात राहिले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही तिनेच पुरे केले.

‘स्मृतिचित्रे’ आवडत नाहीत असा मराठी वाचक मला भेटलेला नाही. पण ती का आवडतात? विनोदामुळे, असे सर्वजण सांगतात, आणि ते खरेच आहे. पै-पैशाची ओढ, नवऱ्याचा लहरी दातेपणा, नातेवाइकांत काढलेले अपमानाचे दिवस, हे सर्व लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. आपणही हसतो. आणि इथेच, मला वाटते, वाचकाची एक सूक्ष्म लबाडी आहे. ती हसते आहे ना, मग तिचे काही बिघडले नसावे, असा निकाल आपण मनातल्या मनात देऊन टाकतो. तिच्या हसण्याला आपण माफीपत्र समजतो आणि ते टिळकांच्या नावे, पर्यायाने आपल्याही नावे, जमा करून घेतो. वास्तविक हसणे निराळे आणि क्षमा करणे निराळे. लक्ष्मीबाईंचे टिळकांवर अपार प्रेम होते यात शंका नाही. परंतु प्रेमानेही हिशेब पुसला जात नाही, तो फक्त मागितला जात नाही. या खेपेस मी ते पुस्तक सावकाश वाचले. जिथे पूर्वी हसलो होतो तिथे थांबलो. हसू आलेच, पण त्याच्या मागे मध्यरात्रीपर्यंत जागणारी एक तरुण बाई दिसू लागली.

‘युगान्ता’विषयी फार लिहीत नाही. 1967 साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील भीष्माचे चित्रण तेवढे माझ्या प्रश्नाला येऊन भिडले. भीष्माने सर्व सोडले. पण त्याच्या त्यागाच्या सावलीत अंबा, अंबिका, गांधारी, कुंती, माद्री यांची आयुष्ये ठरविली गेली, त्यांना न विचारता. त्याग करणाऱ्याला आपण काय सोडले ते ठाऊक असते. दुसऱ्यांना काय सोडावे लागले, ते सांगायला कोणीतरी इरावतीबाई जन्माला यावी लागते.

आता जे सांगायचे टाळीत होतो ते सांगतो. 1969 साली मी महाविद्यालयीन शिक्षणासाठी बेळगावास गेलो. आई अंथरुणाला खिळलेली होती, वडील दिवसभर दुकानात. बहीण तेव्हा आठवीत होती. घरात कोणीतरी हवे होते, ती राहिली. तिची शाळा कोणी सोडविली नाही, ती आपोआप सुटली. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, ग्रंथांविषयी चार लोकांत बोलू लागलो. माझ्या या वहीतले प्रत्येक पान, म्हटले तर, तिच्या आठवीच्या पुस्तकांवर लिहिलेले आहे. याला आमच्या घरात त्याग असे नाव कोणी दिले नाही, कारण ती कुठे गेलीच नाही. कोसंबींची थोरवी माझ्यापाशी नाही. त्यामुळे फळाकडे बोट दाखविण्याची सोयही मला नाही.

तरीही ‘निवेदन’ मला आवडते. बहिणीच्या प्रश्नानंतरही ते आवडेनासे झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बदलले ते एवढेच की ‘आवडले’ म्हणताना मी आता त्या माणसाला निर्दोष ठरवीत नाही, आणि दोषीही ठरवीत नाही. त्याच्या घराने दिलेल्या किमतीवर माझे वाचन उभे आहे, ही जाणीव त्या शब्दात मिसळली आहे. न्यायाधीशाची खुर्ची वाचकाला शोभत नाही. फार तर तो ऋणको आहे, आणि ज्याचे नाव मुखपृष्ठावर छापले आहे तो एकटाच त्याचा धनको नाही.

वहीतला ‘सर्वोत्तम’ हा शेरा मी खोडला नाही. त्याच्यापुढे बाळाबाईंचे नाव लिहून ठेवले आहे. पुस्तक सध्या बहिणीकडे आहे. दुपारी हातातले काम आवरले की ती चष्मा लावून दोन-तीन पाने वाचते. परवा विचारले तर ती काशीपर्यंत पोचली होती. कसे वाटते, असे विचारल्यावर म्हणाली, “माणूस खोटे बोलत नाही. पण थांब, अजून वाचून झालेले नाही.”