होकार कोणी द्यायचा?

डोंडा वेस्ट शिकागोत इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. रॅप गायक कान्ये वेस्टची आई म्हणून जगाला ठाऊक. नोव्हेंबर २००७मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियात चरबी काढण्याची आणि स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार निघाला. शस्त्रक्रियेआधी त्या ज्या दुसऱ्या सर्जनकडे गेल्या होत्या, त्याने फिजिशियनकडून तपासून यायला बजावलं होतं, असं तो पुढे जाहीरपणे म्हणाला.

शस्त्रक्रियेची त्यांना गरज नव्हती, इच्छा होती. जिथे व्याधी नाही, तिथे देहावर शस्त्र चालवायची परवानगी येते कुठून?

मूतखडा कापून काढण्याआधी वैद्याने राजाची अनुमती घ्यावी, असं सुश्रुतसंहिता सांगते. कारणही देते: काही केलं नाही तर मरण ठरलेलं, केलं तर निदान शंकेला जागा. हिशेब चोख आहे, पण फेसलिफ्ट करून सैल गाल ओढून घेणाऱ्याला तो लागू पडत नाही. त्याने शस्त्रक्रिया टाळली तर जिवाचं काहीच बिघडत नाही. धोका सगळा एकाच पारड्यात.

म्हणून रूपाची इच्छा उथळ ठरवावी का? त्याच सुश्रुतसंहितेत तुटलेलं नाक गालाच्या कातडीने उभारायची रीत आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४मध्ये पुण्याकडची एक हकिगत छापली: टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीतून नवं नाक मिळालं. त्याचाही जीव तेव्हा धोक्यात नव्हता.

विसाव्या शतकात ज्यू धर्मपंडितांत यावरून दोन तट पडले. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी लग्न जमावं म्हणून रूप सुधारू पाहणाऱ्या मुलीला मुभा दिली; तिच्या भल्यासाठी केलेला छेद त्यांना इजा वाटला नाही. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी साफ नकार दिला: वैद्याला घाव घालायची सूट आहे ती बरं करण्यासाठी, देखणं करण्यासाठी नव्हे. पोप बारावे पायस यांनी ऑक्टोबर १९५८मध्ये इटालियन प्लास्टिक सर्जनांसमोर मधली वाट धरली: हेतू शुद्ध हवा आणि प्रकृतीला मोठा धोका नको.

हेतू कोणी मोजायचा, हा वाद संपणारा नाही. रक्तदाबाचा पट्टा मात्र हेतू विचारतच नाही. फेसलिफ्टच्या वेळी भुलेखाली दाब उतरलेला असतो. रक्त थांबलेलं दिसतं, टाके पडतात. पेशंट शुद्धीवर येतो, कळ येते, उलटी होते, दाब चढतो. बारीक वाहिन्या पुन्हा वाहू लागतात आणि कातडीखाली रक्त साकळतं. एक गाल टणक होऊन ठणकू लागला की पुन्हा ऑपरेशन थिएटर.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१६च्या सूचनांनुसार, तपासणीच्या वेळी दाब १८०/११०च्या खाली असेल तर ठरलेली शस्त्रक्रिया केवळ दाबापायी लांबवू नये. पण हा आकडा कर्करोगाची गाठ काढायची असलेल्यांसाठीही आहे. तिथे थांबण्याची किंमत मोजावी लागते. फेसलिफ्टसाठी महिनाभर गोळी घेऊन थांबलं तर सुरकुत्या तेवढ्याच राहतात, त्यामुळे सर्जनने याहून कडक राहायला हरकत नसते.

डोंडा वेस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा कॅलिफोर्नियात २००९मध्ये संमत झाला. रूपासाठीच्या शस्त्रक्रियेआधी ३० दिवसांच्या आत तपासणी आणि डॉक्टरची लेखी संमती हवी, असं तो म्हणतो. फक्त ही संमती शस्त्रक्रिया करणारा सर्जनही देऊ शकतो. सुश्रुताने वैद्याला राजाकडे धाडलं होतं. ना दुखणं राजाचं, ना हातातलं शस्त्र त्याचं. आपल्याकडे ‘आधी फिटनेस आणा’ म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्या पेशंटलाही असाच एक तिसरा माणूस भेटतो. समोर बसलेला फिजिशियन त्या इच्छेला चूक म्हणत नसतो. ती त्याची नसते आणि तिच्या बिलातही त्याचा वाटा नसतो, इतकंच.