तीन बरण्या

होळी उलटली की लालबागच्या मिरची गल्लीत जाणारा-येणारा शिंकल्याशिवाय राहत नाही. मिरची-धण्यांची पोती उघडतात आणि डंकांचा धडधडाट सुरू होतो. या उन्हाळ्यात त्या धडधडाटावर आवाज चढवून तीन भावंडं भांडत होती.

आई गेल्यानंतरचा पहिला मसाला. दादा लालबागचाच, ताई डोंबिवलीला दिलेली, धाकटा गिरगावात. चौकात फलक लावून झाला होता, पेपरात फोटोही देऊन झाला होता. मग कुणीतरी सुचवलं, की दरवर्षी आईचा मसाला कुटून घेऊ, नातवंडांना चव कळेल. प्रमाण तिने कधी लिहिलं नव्हतं. म्हणून तिघांनी बरणीच्या तळाशी उरलेला मसाला नमुना म्हणून आणला.

दुकानाच्या फळीवर तिन्ही बरण्या उघडल्या. एक लालभडक, एक विटकरी, एक काळपट. वासही वेगळे.

"हा आईचा नव्हेच," दादा धाकट्याला म्हणाला. "बायकोने विकतचा मिसळलाय."

"मग तुझा कसला रे? मिळमिळीत!"

ताईने तर रडायलाच घेतलं. आई शेवटी तिच्याकडे राहिली होती, तेव्हा खरा मसाला तिचाच. माणूस गेलं की त्याच्यावरच्या मालकीचा असा दावा लागतोच. जमिनीचा लवकर मिटतो म्हणायचा.

मोठी वहिनी इतका वेळ धणे चाळत होती. दरवर्षी आईंबरोबर पिशव्या धरायला तीच यायची. ती म्हणाली, "तिन्ही आईंचेच आहेत. ह्यांचं पोट बिघडायचं, म्हणून आपल्या घरी ब्याडगी जास्त, लवंगी नावाला. ताई, तुमचं सासर साताऱ्याचं, तुम्हाला कांदा-लसूण आणि भाजून काळं केलेलं सुकं खोबरं. भावजींना मासे, त्यांच्यात त्रिफळ आणि सणसणीत संकेश्वरी. घाणे तीन वेगवेगळे पडायचे."

ज्याचं त्याचं जपायची ही सवय आईच्या अंगात आली ती तिच्या खानावळीमुळे. गिरणगावात एकटे राहणारे कामगार महिन्याच्या बोलीवर खानावळ चालवणाऱ्या बायकांकडे जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. कोकणातल्याला भात-मासे लागत, घाटावरच्याला भाकरी आणि झुणका. त्यात पाळ्या तीन. कोण पहिल्या पाळीला, कोण रात्रपाळीला, कुणाला काल ताप होता, हे डोक्यात ठेवल्याशिवाय चूल चालत नसे. सावकाराच्या व्याजातून या बायकांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा तिथून बँकेचं कर्ज घेणाऱ्यांत आईही होती. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि खानावळींची येणी बुडाली. माणसं गावी परतली. आईने मग घरच्या पाच-सहा पानांवर तेच लक्ष पुरवलं, इतकं मुकाट्याने की जेवणाऱ्यांना वाटायचं, आपल्या पानातलं तेच सगळ्यांच्या पानात आहे.

धाकट्याने वाद मिटवल्यासारखं केलं. "ठीक आहे, मग तिन्ही बरण्या तशाच्या तशा करून घेऊ."

दुकानदाराने वही पुढे ओढली. वहिनीने त्याला थांबवलं. "ताई, तुम्हाला एवढं तिखट अजून चालतं?"

ताई जरा थांबून म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून बंद आहे. दुर्बिणीने तपासलं. अल्सर निघाला."

"आम्हाला बोलली नाहीस ती?" दादा म्हणाला.

"तुम्ही फोन करता तो तिथीचं ठरवायला."

धाकट्याने बरणीचं झाकण लावलं. मग त्यानेही सांगितलं, की मुलगी मासे खात नाही, दोन वर्षं झाली; त्रिफळाचा डबा नुसता पडून असतो. दादाचं पोट तर कधीच बरं झालं होतं. मिळमिळीत कालवण तो आईच्या सवयीने खात होता, आणि हे खुद्द वहिनीलाही आत्ताच कळत होतं.

मागे रांग वाढली होती. दुकानदार वैतागला. "काकी, नमुने आणलेत ना? मग त्यावरून देऊ का?"

"नको," वहिनी म्हणाली. "नवीन लिहा. ताई, आधी तुमचं सांगा. तुमच्या सासूबाई आता काय खातात?"