नाव काठावर ठेवून

एक प्रश्न टाकतो. जात लपवून मिळवलेलं सुख आपलं असतं काय? लगेच 'नाही' म्हणू नका. सभेत हे उत्तर सोपं असतं. मला ते समुद्रात छातीभर पाण्यात उभं राहून द्यावं लागलं, आणि मी खोटं बोललो.

मी चिखल्याचा. तुमसर तालुका, जिल्हा भंडारा. बाप मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली. आमच्या मुलखातलं मँगनीज इंग्रजांच्या काळात जहाजात बसून विलायतेला गेलं. ते खणणाऱ्यांनी समुद्र पाहिला नाही. आम्ही पोहायला शिकलो बोडीत, अन् कोणत्या काठानं उतरायचं तेही ठरलेलं. याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. हे मी विसरत नाही.

सध्या मी मॉरिशसला आहे. गिरणीत, रिंग खात्यात, करारावर. रविवारी सुट्टी. ही सुट्टी कुणा मालकाची मेहेरबानी नाही. नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधकानं मुंबईच्या गिरणी कामगारांना उभं केलं, वर्षानुवर्षं भांडला, तेव्हा १८९० साली आपल्याकडे रविवार मिळाला. म्हणून रविवारी मजा करायची मला लाज वाटत नाही. दलितानं फक्त दुःखच भोगावं आणि दुःखच लिहावं, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. माझं त्यांच्याशी जमत नाही.

एका रविवारी आम्ही चौघं बसनं ल मॉर्नच्या किनाऱ्यावर गेलो. मी, साताऱ्याकडचा एक, बिहारचा एक आणि आमच्या खोलीत सगळ्यात चांगला भात रांधणारा बांगलादेशी. सुरूच्या सावलीत गंज उघडला. मासे-भात एकाच ताटात कालवून खाल्ला. मग पाण्यात शिरलो. साताऱ्याचा म्हणाला, "तुमच्या विदर्भातली आडनावं कळत नाहीत राव. म्हणजे तुम्ही नेमके कोण?"

मी म्हणालो, "कुणबी."

"मग आपलेच की!" म्हणून त्यानं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. मीही उडवलं. खूप हसलो.

रात्री मायला फोन केला. ती म्हणाली, "समुद्र कसा हाय रे?"

"खारा हाय."

"अन् पान्यात सगळ्यायले उतरू देतेत?"

"देतेत माय."

हेही खरंच होतं. पण मी कोण म्हणून उतरलो, ते तिला सांगता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

पडल्या पडल्या मी स्वतःची वकिली केली. लपणं हे काय नेहमीच पाप असतं? ल मॉर्नचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या डोंगरात लपून राहत. १८३५ साली तिथली गुलामी उठली. ती बातमी द्यायला शिपाई आले, आणि पकडायलाच आले समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. त्यांना कोण भेकड म्हणेल? ते चाबकापासून लपले होते.

खुद्द बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पुसूनच गेलं होतं, असं ते लिहितात. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. बाबासाहेबांना डोक्यावर छप्पर हवं होतं, म्हणून नाव बदलावं लागलं. आणि पुढं त्यांनी ते सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं.

आणि मी? माझ्यामागं चाबूक नव्हता. खोली होती, पगार होता. मी लपलो ते एका दोस्ताच्या हसण्यासाठी. वकिली इथं संपली.

महाडचं तळं आठवा. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा नगरपालिकेचा ठराव होता. कागदावर पाणी मोकळंच होतं. २० मार्च १९२७ ला माणसं मिरवणुकीनं, उघड, स्वतःच्या नावानं पाण्यात उतरली आणि मग मार खाल्ला. नाव लपवून एकेकट्यानं ओंजळभर पाणी कुणीही पिऊ शकला असता. त्याची तहान भागली असती. तळं मोकळं झालं नसतं.

तुम्ही म्हणाल, सांगायचं ओझं आपल्यावरच का? विचारणाऱ्याला लाज नाही, मग उत्तर देणाऱ्यानं का मरावं? बरोबर आहे. पहिला गुन्हा त्या प्रश्नाचा. पण 'कुणबी' म्हणून मी तो प्रश्न मान्य केला. शिवाय दोस्ताला माणूस व्हायची संधी दिली नाही. तो माझ्याशी दोस्ती करतच नव्हता. मी उभ्या केलेल्या दुसऱ्याच माणसाशी करत होता.

तिसऱ्या रविवारी, त्याच वाळूवर, मी सांगितलं. "मी कुणबी नाही. बौद्ध आहे. पूर्वाश्रमीचा महार."

बांगलादेशी म्हणाला, "बस, एवढंच?" त्याला वाटलं, मी कुणाचा खूनबिन करून आलोय. साताऱ्याचा म्हणाला, "आम्ही कुठं मानतो हे?" पुढच्या रविवारपासून तो आपला डबा वेगळा आणू लागला. अजून बोलतो, पण तोंडावर पाणी उडवत नाही.

बिहारचा त्या वेळी काहीच बोलला नाही. नावापुढं नुसतं 'कुमार' लावतो. रात्री दिवा मालवल्यावर त्याच्या खाटेवरून आवाज आला, "भाई, मैं भी."

दोन वर्षं आम्ही एका खोलीत होतो. दोघं एकमेकांपासून लपत होतो. माझ्या खोट्यानं मला किती सुख दिलं याचा हिशोब मी करत बसलो होतो. त्या खोट्यानं शेजारच्या खाटेवरचा माणूस किती एकटा पडला, ते त्या हिशोबात आलंच नव्हतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. जीव वाचवायला लपलात तर कुणापुढं मान खाली घालू नका. पण जीव वाचल्यावरही लपून राहिलात, तर आपलाच कुणीतरी बाजूच्या खाटेवर गप्प पडलेला असतो.

आता रविवारी आम्ही तिघं एका ताटात जेवतो. मायला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लय खोल जाऊ नको पान्यात."

जय भीम.