नावेत काय आहे?

शंका : बी-२ व्हिसावर बहिणीकडे अमेरिकेला गेलेली एक मुलगी सहा महिने उलटले तरी परतली नाही. न्यू जर्सीतल्या एका देशी किराणा दुकानात तिने तीन वर्षे रोखीवर काम केले. आता तिथल्याच, अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाशी तिचे लग्न झाले आहे. ग्रीन कार्डाच्या अर्जात ‘परवानगीशिवाय कधी काम केले आहे का’ असा प्रश्न आहे. मैत्रिणी म्हणतात, ‘नाही’वर खूण कर, रोखीची कुठे नोंद असते? कार्ड आले की सत्यनारायण घालायचा, असा नवस ती बोलली आहे. अशा कार्डासाठी पूजा चालेल का?

समाधान : पूजेला बसण्याआधी तिने पोथीतला साधुवाण्याचा अध्याय नीट ऐकावा. धनाने भरलेली नाव घेऊन वाणी घरी निघाला, तेव्हा संन्याशाच्या वेषातल्या देवाने त्याला एवढेच विचारले, नावेत काय आहे? वाणी हसून म्हणाला, वेली आणि पाने. आजच्या भाषेत हे कस्टमला दिलेले खोटे डिक्लरेशनच. त्याच्या शब्दाप्रमाणे धनाची पानेच झाली. माल त्याच्याच मालकीचा होता. खरे सांगितले असते तर कथा तिथेच संपली असती.

मुलीची गोष्ट याच वळणाची आहे. अमेरिकन कायदा नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ‘निकटचे नातलग’ मानतो. अशी व्यक्ती विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभी राहून रीतसर देशात आली असेल आणि लग्न खरे असेल, तर मुदत उलटून राहणे आणि परवानगीशिवाय काम करणे या दोन्ही चुका असूनही तिला तिथल्या तिथे ग्रीन कार्ड मागता येते. म्हणजे ज्या दोषासाठी खोटे बोलायचे, त्याकडे कायदाच काणाडोळा करतो. खोट्याला मात्र अशी सवलत नाही. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले, तर अर्जदार आयुष्यभरासाठी अपात्र होतो. मग माफीचा वेगळा अर्ज, आय-६०१. त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना असह्य हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावे लागते. त्या यादीत पोटच्या मुलांचे नाव नाही.

ही सवलत नागरिकाच्या जोडीदारासाठी आहे. नवरा नुसता ग्रीन कार्डधारक असता तर हिशेब निराळा झाला असता, हे मैत्रिणींच्या सल्ल्यात सहसा नसते.

नोंदीचे म्हणाल, तर न्यू जर्सीतल्याच एका भारतीयाचे उदाहरण पुरे. १९९१ साली तो कागदपत्रांविना सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि एक नाव सांगितले. सुनावणीला आला नाही, म्हणून हद्दपारीचा हुकूम झाला. काही आठवड्यांनी त्याने दुसऱ्या नावाने आश्रय मागितला, पुढे अमेरिकन बाईशी लग्न केले, ग्रीन कार्ड मिळवले आणि २००६ मध्ये नागरिकही झाला. जुन्या कागदावरचे बोटांचे ठसे संगणकात चढल्यावर दोन्ही नावे एकाच माणसाची निघाली. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याचे नागरिकत्व काढून घेतले.

शंका : खरे लिहिले आणि मुलाखतीतूनच पकडून नेले तर? धर्म काय जिवावर उठायला सांगतो?

समाधान : ही भीती पोकळ नाही. नुसता अर्ज दाखल झाल्याने हकालपट्टीपासून संरक्षण मिळत नाही, असे तिथल्या इमिग्रेशन खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले. नोव्हेंबरात सॅन दिएगोला मुलाखतीसाठी आलेल्या, मुदत संपलेल्या काही जोडीदारांना तिथेच अटक झाली. पण ‘नाही’वर खूण केल्याने हा धोका टळत नाही. मुदत उलटल्याचे प्रवेशाच्या नोंदीवरूनच कळते. शिवाय घाबरून मायदेशी परतावे, तर वर्षाहून जास्त बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला पुन्हा प्रवेशासाठी सहसा दहा वर्षे थांबावे लागते. तिने आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावे. अर्ज कधी करायचा, करायचा की नाही, हे ठरवायला ती मोकळी आहे. थांबणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

शंका : लग्नाच्या बाबतीत खोटे बोलले तर पातक नाही, असे महाभारतातच आहे ना?

समाधान : आहे. फक्त ते कोण कोणाला सांगते आणि पुढे काय होते, तेही पाहावे. आदिपर्वात शर्मिष्ठा राजा ययातीला हाच युक्तिवाद ऐकवते : पाच प्रसंगी असत्याला दोष नाही, आणि लग्न त्यांतला एक. राजाला तो पटतो. पटायला हवाच होता, म्हणा. पण त्याच्या बायकोला, देवयानीला, हे कळते, ती बापाकडे जाते आणि शुक्राचार्यांच्या शापाने भर तारुण्यात ययाती म्हातारा होतो. वचन तोंडपाठ होते, त्याचा उपयोग झाला नाही.

इथली देवयानी म्हणजे मुलीचा नवरा. लग्नाची याचिका आणि पोषणाचे हमीपत्र यांवर तो शिक्षेच्या धाकाखाली सही करणार आहे. त्याला दुकानातली तीन वर्षे माहीत आहेत का, हे प्रश्नात कुठेच आलेले नाही. अर्जाआधी त्याला सांगितले पाहिजे, आणि तेही वकिलाच्या टेबलावर नव्हे, घरी.

शंका : आणि ‘नाही’ लिहून अर्ज आधीच गेला असेल तर?

समाधान : वाण्याने संन्याशाचे पाय धरले तेव्हा पाने पुन्हा धन झाली. तिथला कायदाही थोडी वाट ठेवतो. अधिकाऱ्याने पकडण्याआधी, स्वतः होऊन, पहिल्याच संधीला चूक दुरुस्त केली तर ती धरली जात नाही. पुरावा समोर ठेवल्यावर दिलेली कबुली या हिशेबात बसत नाही.

एका खोट्याला मात्र माफीची वाटही जवळजवळ बंद आहे. नोकरीला लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ या चौकटीत खूण केली असेल, तर ३० सप्टेंबर १९९६ पासूनच्या अशा दाव्याला ग्रीन कार्डासाठी माफीचा अर्जच नाही. दुकानमालकाने घाईघाईत पुढे केलेल्या एखाद्या कागदावर तिने कोणती खूण केली होती, हे तिने आठवून वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.